नोंदी आहेत, पण दिसत नाहीत

"गेल्या महिन्यात डोके किती दिवस दुखले?" डॉक्टर विचारतात. समोरच्या बाई पर्समधून मोबाइल काढतात. त्यात डायरीचे ॲप आहे आणि रोज रात्री त्या न चुकता त्यात लिहितात. डोकेदुखी, घेतलेली गोळी, झोप किती झाली, सगळे तिथे आहे. त्या पडदा वर सरकवू लागतात. मजकूर वाहत राहतो. सोसायटीची सभा, मुलीचा फोन, डोके ठणकले, गॅसचा नंबर लावायचा, गोळी घेतली, लग्नाची पत्रिका आली. एक दिवस कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, ते कळत नाही. तारखा आहेत, पण इतक्या बारीक आणि फिकट की वाचायला मोबाइल नाकाशी न्यावा लागतो. बाहेर पाच पेशंट थांबलेले. "असेल आठ-दहा दिवस," त्या म्हणतात आणि डॉक्टर तेवढेच लिहून घेतात.

कोणत्याही दवाखान्यात घडू शकेल असा हा प्रसंग. पण हा आकडा अंदाजाने सांगण्यासारखा नाही. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा त्याहून जास्त दिवस घेतली जात असेल, किंवा ट्रिप्टान गटातली अथवा मिश्र औषधाची गोळी १० किंवा त्याहून जास्त दिवस, आणि हे तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ चालले असेल, तर ती गोळीच डोकेदुखीचे कारण बनू शकते. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या प्रकाराला स्वतंत्र स्थान आहे. त्याचा उपचारही उलट्या दिशेचा, म्हणजे गोळी वाढवण्याऐवजी डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी किंवा बंद करण्याचा. म्हणजे उत्तर 'नऊ दिवस' आहे की 'सोळा दिवस' यावर पुढचे औषध ठरते. बाईंच्या मोबाइलमध्ये नेमके उत्तर होते. ते त्यांना दिसले नाही, एवढेच.

डायरी लिहिण्याचे फायदे आपल्याला अनेकदा सांगितले जातात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांची सहकारी सँड्रा बिआल यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग तर आता पाठ्यपुस्तकी झाला आहे. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटे स्वतःच्या क्लेशकारक अनुभवांविषयी लिहिले आणि पुढच्या महिन्यांत त्यातल्या भावनांसह सविस्तर लिहिणाऱ्यांचे आरोग्य केंद्रातले खेटे तुलनेने कमी झाले. नंतरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला तेव्हा हा परिणाम लहानसा निघाला, पण निघाला. या चर्चेत सगळा भर लिहिण्यावर असतो. लिहिलेले परत वाचता येते का, हा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. प्रकृतीची नोंद ठेवणाऱ्याच्या दृष्टीने तोच मुख्य प्रश्न आहे.

कागदाची डायरी हे काम फुकटात करत होती. दर तारखेला एक पान. पान उलटले की दिवस बदलला. शिवाय कागदावरचा मजकूर जागेवर राहतो. १९७१ मध्ये अर्न्स्ट रॉथकॉफ या संशोधकाने दाखवून दिले की, वाचकाला मजकुराबरोबर तो पानावर साधारण कुठे होता हेही, मुद्दाम न ठरवता, बऱ्यापैकी लक्षात राहते. 'डाव्या पानावर, खालच्या बाजूला होते बघ,' हे आपण सर्रास म्हणतो, ते उगाच नव्हे. मोबाइलच्या पडद्यावर ही सोय नाहीशी होते. तिथे पान नाही, फक्त सरकणारी पट्टी आहे. मघाशी वर असलेले वाक्य आता खाली आहे आणि थोड्या वेळाने कुठेच नाही. कागदाने आपोआप दिलेले टप्पे ॲप बनवणाऱ्याला मुद्दाम उभे करावे लागतात. ते केले नाहीत, तर डायरीची विहीर होते. आत टाकलेले बाहेर येत नाही.

डोळा सरकत नाही, उड्या मारतो

वाचताना आपली नजर ओळीवरून सलग सरकते असे वाटते, पण तसे नसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमधील नेत्रतज्ज्ञ एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत हे लक्षात आले की, डोळा छोट्या छोट्या उड्या मारतो आणि दोन उड्यांच्या मध्ये क्षणभर थांबतो. हा थांबा साधारण पाव सेकंदाचा. अक्षर ओळखण्याचे काम या थांब्यातच होते. उडी चालू असताना जवळपास काहीच टिपले जात नाही.

थांबल्यावरही डोळ्याला स्पष्ट दिसणारा भाग फार छोटा असतो. दृष्टिपटलाच्या मध्यभागी एक खळगा आहे, बारीक तपशील फक्त तिथेच उमटतो. त्याचा आवाका जेमतेम दोन अंशांचा. हात लांब करून अंगठा उभा धरला तर नखाएवढी जागा. हातातल्या मोबाइलवर ती सव्वा सेंटिमीटरच्या आसपास भरते. बाकीचा पडदा अंधुकच दिसतो आणि पुढची उडी कुठे मारायची हे डोळा त्या अंधुक भागावरून ठरवतो. म्हणूनच मोकळी जागा, ठळक तारीख, चौकटीची कड या गोष्टी महत्त्वाच्या. त्या अंधुक नजरेलाही कळतात. अक्षरे कळत नाहीत.

अक्षरे का कळत नाहीत, याचे कारण फक्त अंधुकपणा नाही. घरी करून पाहण्यासारखा एक प्रयोग आहे. कोऱ्या कागदावर डावीकडे एक ठिपका काढा. त्याच्या उजवीकडे सात सेंटिमीटरवर सेंटिमीटरभर उंचीचा 'म' लिहा. कागद वाचायच्या अंतरावर धरून नजर ठिपक्यावर रोखा. 'म' ओळखू येतो. आता त्या 'म'ला जवळजवळ चिकटून एका बाजूला 'भ' आणि दुसऱ्या बाजूला 'स' लिहा आणि पुन्हा ठिपक्याकडे पाहा. 'म' तेवढाच आहे, तिथेच आहे, पण आता सगळा गिचका दिसतो. नेदरलँड्समधील हर्मन बौमा यांनी १९७० मध्ये या गर्दीचे मोजमाप मांडले. नजरेच्या केंद्रापासून एखादे अक्षर जितके दूर, त्याच्या सुमारे निम्म्या अंतरापर्यंत दुसरे अक्षर आले की ओळखण्यात अडथळा होऊ लागतो. चश्म्याचा नंबर बरोबर असला तरीही हे होते, कारण अडचण मेंदूच्या ओळखण्याच्या प्रक्रियेत आहे.

याचा डायरीशी संबंध सरळ आहे. आपण जुनी नोंद शोधतो तेव्हा वाचत नसतो, चाळत असतो. चाळताना बहुतेक मजकूर कडेच्या नजरेतून जातो आणि कडेच्या नजरेला गर्दी सोसत नाही. नोंदी एकमेकींना खेटून असल्या तर प्रत्येक नोंदीवर नजर नेऊन थांबावे लागते. पंचवीस दिवसांनंतर माणूस कंटाळतो आणि म्हणतो, 'असेल आठ-दहा दिवस.'

तारीख कोणाची?

दोन गोष्टी वेगळ्या दाखवायच्या तर मध्ये रेघ मारायची, हे आपल्याला शाळेपासून शिकवलेले असते. पण मेंदू गट पाडतो तो मुख्यतः अंतरावरून. माक्स व्हेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये हे नियम मांडले. जवळच्या गोष्टी एका गटातल्या वाटतात, सारख्या दिसणाऱ्या गोष्टी एका गटातल्या वाटतात. पुढे १९९२ मध्ये स्टीफन पामर यांनी त्यात भर घातली की, एकाच बंदिस्त क्षेत्रात असलेल्या गोष्टीही एकत्र धरल्या जातात. चौकट काढली किंवा मागे हलका रंग भरला की आतले सगळे एकाचे होते. ॲपलने डिसेंबर २०२३ मध्ये आयफोनवर स्वतःचे 'जर्नल' ॲप आणले, त्यात प्रत्येक नोंद आपापल्या चौकटीत ठेवलेली होती. त्यामागचे तत्त्व हेच.

आता आपल्या मोबाइलमधल्या डायरीकडे या नजरेने पाहा. अनेक ॲपमध्ये तारखेच्या वर जितकी जागा असते तितकीच खालीही असते. दिसायला नीटनेटके, पण ती तारीख वरच्या नोंदीची की खालच्या, हे डोळ्याला कळत नाही. उपाय अगदी साधा. तारीख आणि तिचा मजकूर यांत कमी जागा आणि आधीच्या नोंदीपासून तारखेपर्यंत त्याच्या किमान दुप्पट. एवढ्या एका बदलाने रेघ मारायची गरज उरत नाही. माझ्या मते डायरीच्या ॲपमधल्या निम्म्या रेघा केवळ अंतराचे गणित चुकल्यामुळे आलेल्या असतात.

रंगाचे असेच आहे. पडद्यावरचा मजकूर आणि त्यामागचा रंग यांतला उजळपणाचा फरक मोजायचे एक प्रमाण आहे. पांढऱ्यावर काळे म्हणजे २१ ला १. वेबवरील सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात की, साध्या मजकुरासाठी हे प्रमाण किमान ४.५ ला १ असावे, मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १ चालेल. डिझायनर मंडळींची एक लाडकी फिकट राखाडी छटा आहे, ती पांढऱ्यावर ठेवली की प्रमाण २.८५ भरते. म्हणजे नापास. आणि ही छटा हमखास कुठे वापरली जाते? तारीख आणि वेळ लिहायला. हेतू असा की मुख्य मजकूर उठून दिसावा आणि बाकीचे मागे राहावे. प्रवासवर्णन लिहिणाऱ्याला ते चालेलही. पण ज्याने 'साखर १८०' एवढेच लिहिले आहे, त्याच्यासाठी ती उपाशीपोटीची की जेवणानंतरची, सोमवारची की मंगळवारची, हाच मुख्य मजकूर आहे.

पंचविशीतल्या डिझायनरला हा त्रास जाणवत नाही, याला शरीरशास्त्रातले कारण आहे. वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होत जाते आणि नेत्रभिंग पिवळसर, धूसर होत जाते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर पोहोचणारा प्रकाश विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश असतो. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते ते वेगळेच. आणि रक्तदाब, साखर, सांधेदुखी यांच्या नोंदी ठेवणारे बहुतेक लोक याच वयातले.

रोमन मापाचा अंगरखा

मराठीत लिहिणाऱ्यांची अडचण आणखी एक पायरी पुढची आहे. बहुतेक डायरी ॲप रोमन लिपी समोर ठेवून आखलेली असतात. रोमन अक्षराला वर-खाली फारसा पसारा नसतो. देवनागरीचा पसारा तिन्ही मजल्यांवर. मध्ये अक्षर, वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, ऋकार आणि एकाखाली एक रचलेली जोडाक्षरे. ओळींमधले अंतर रोमनच्या मापाने ठेवले की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या मात्रेला भिडतो. काही ॲपमध्ये तर ओळीची पेटीच इतकी आखूड असते की वरचा भाग कापला जातो. अनुस्वार गेला की 'सांधे दुखले'चे 'साधे दुखले' होते. हसू येते, पण औषधाच्या नावात किंवा 'पूर्वी'च्या रफारात असे झाले तर हसण्यासारखे राहत नाही.

गूगलच्या डिझाइनविषयक मार्गदर्शनात दक्षिण आशियातील लिप्यांची गणना 'उंच' लिप्यांत केली होती आणि त्यांना ओळीची उंची जास्त द्यावी असे सांगितले होते. सुगम्यतेच्या निकषांत ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या दीडपट आणि परिच्छेदानंतरची जागा दुप्पट केली तरी मजकूर तुटू नये, अशी अपेक्षा आहे. देवनागरीसाठी मी दीडपटीला किमान समजेन, सोय नव्हे. नोटो, मुक्ता यांसारखे चांगले देवनागरी फाँट मोफत उपलब्ध आहेत. मुक्ता तर मुंबईच्या 'एक टाइप' या चमूने घडवलेला. तेव्हा फाँट नाही ही सबब आता चालणार नाही.

दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. रोमनमध्ये एखादी ओळ वेगळी दाखवायची तर ती मोठ्या लिपीत लिहिता येते, तिरकी करता येते, अक्षरे विरळ करता येतात. देवनागरीत मोठी-छोटी लिपी नाही. तिरपे अक्षर ही आपल्या लिपीची मूळ रीत नव्हे आणि बारीक आकारात ते वाचायलाही जड जाते. अक्षरांत जागा सोडायला गेलो तर शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. खाली रेघ मारली तर ती उकारांना कापत जाते. पानावर आधीच प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर एक आडवी रेघ आहे, त्यात नोंदी वेगळ्या करणाऱ्या बारीक आडव्या रेघांची भर पडली की डोळ्याला सगळ्या रेघाच दिसू लागतात. म्हणजे रोमनमध्ये हाताशी असलेली निम्मी हत्यारे आपल्याकडे बोथट. उरतात ती आकार, जाडी, रंग आणि मोकळी जागा. त्यातही मोकळी जागा सगळ्यात भरवशाची.

मोकळ्या जागेची किंमत आपल्याला नवी नाही. मोडी लिपीत आधी पानभर आडव्या रेघा आखून घेत आणि मग त्यांना अक्षरे लटकवत जात. शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत नव्हती. लिहिणाऱ्याचा वेग वाढे, टाक कमी उचलावा लागे. पण किंमत वाचणाऱ्याला मोजावी लागे. पेशवे दफ्तरातला कागद हाती घेतलेला नवखा अभ्यासक आधी शब्द कुठे तोडायचा यावरच अडतो. मुलांनाही कळेल अशी ती 'बाळबोध', हे नाव देवनागरीला पडले त्यात सगळे आले. युरोपातही प्राचीन लॅटिन सलग लिहिले जाई. सातव्या-आठव्या शतकांच्या सुमारास आयर्लंडच्या मठांतल्या लेखनिकांनी शब्दांत जागा सोडण्याची रीत रूढ केली. लॅटिन ही त्यांची मायबोली नव्हती, वाचताना त्यांना आधार हवा होता. सोय नेहमी अडणाऱ्याच्या गरजेतून येते.

जाता जाता अंकांविषयी. छापील मोठ्या अक्षरात १ आणि ९ यांत गोंधळ होत नाही. फिकट, बारीक अंकांत होतो. मूत्रपिंडाच्या तपासणीत क्रिएटिनिन १.१ असणे आणि १.९ असणे यांत बरेच अंतर आहे. अशा नोंदींत अंक तरी ठळक असावेत आणि एकाखाली एक सरळ रांगेत यावेत.

रात्रीचा काळा पडदा

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे, म्हणजे ज्याला सगळे 'डार्क मोड' म्हणतात, ते डोळ्यांना चांगले अशी समजूत पक्की झाली आहे. वाचनाच्या बाबतीत पुरावा बऱ्याच अंशी उलट बाजूला झुकतो. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये तरुण आणि वयस्क अशा दोन्ही गटांची तपासणी केली तेव्हा उजळ पार्श्वभूमीवरील गडद अक्षरे दोघांनाही अधिक चांगली वाचता आली. कारण समजण्यासारखे आहे. उजेडात बाहुली आक्रसते आणि प्रतिमा रेखीव होते. काळ्या पडद्यापुढे बाहुली फाकते, डोळ्याच्या भिंगातले बारीकसारीक दोष उघडे पडतात. सिलिंड्रिकल नंबर असलेल्यांना मग पांढऱ्या अक्षरांभोवती धूसर वलय दिसते. देवनागरीत वलय आले की आधी बुजतो तो अनुस्वार.

याला अपवाद आहेत. मोतीबिंदू किंवा काही नेत्रविकारांत उजेडाची तिरीप सहन होत नाही, अशांना काळा पडदाच बरा वाटतो. अंधाऱ्या खोलीत शेजारचा माणूस झोपलेला असताना लिहायचे तर तोच सोयीचा. म्हणून आग्रह एवढाच की निवड वापरणाऱ्याच्या हाती असावी आणि काळ्या पडद्यावर नोंदींच्या चौकटी विरघळून जाऊ नयेत. पांढऱ्या पडद्यावर सावलीने वेगळी दिसणारी चौकट काळ्यावर हमखास दिसेनाशी होते, कारण काळ्यावर सावली पडत नाही. तिथे चौकटीचा रंगच दोन छटा उजळ लागतो.

रंगांवर पूर्ण विसंबूही नये. चांगला दिवस हिरवा, वाईट दिवस लाल अशी खूण अनेक मनःस्थिती-डायऱ्यांत असते. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे लोक, त्यांत पुरुष जास्त, आपल्यात आहेतच. रंगाबरोबर एखादे चिन्ह किंवा शब्द असला की प्रश्न मिटतो.

कीर्द आणि खतावणी

जुन्या हिशेबनीसांनी एक गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. दिवसभराचे व्यवहार घडतील तसे कीर्दीत लिहायचे, पण तेवढ्यावर थांबायचे नाही. मग तेच व्यवहार खात्यांनुसार खतावणीत उतरवायचे. 'अमक्याकडून किती येणे?' याचे उत्तर कोणी कीर्द चाळून देत नसे, खतावणी उघडून देई.

डायरीचे बहुतेक ॲप म्हणजे नुसती कीर्द. डॉक्टरांचे प्रश्न मात्र खतावणीचे असतात. किती दिवस, कितीदा, किती वाजता. घरी रक्तदाब मोजण्याची रुळलेली पद्धत पाहा. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, दर वेळी मिनिटभराच्या अंतराने दोन मापे. म्हणजे २८ आकडे. पहिल्या दिवसाचे चार सोडून द्यायचे आणि उरलेल्या २४ ची सरासरी काढायची. घरी काढलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर रक्तदाब वाढलेला समजतात. हे २८ आकडे 'आज देवळात गेलो' आणि 'जावयाचा वाढदिवस' यांच्यामध्ये विखुरलेले असतील तर सरासरी काढणार कोण? एकच वाढलेले माप नजरेत भरते आणि तेच डॉक्टरांना सांगितले जाते.

ॲपला खतावणी करता येते, आणि माणसापेक्षा झटपट. नोंदीला 'रक्तदाब', 'डोके', 'झोप' अशी खूण लावायची सोय असेल तर ती जरूर वापरावी. एका स्पर्शात तेवढ्याच नोंदी गाळून समोर येतात. काही ॲपमध्ये महिन्याचा तक्ता असतो आणि नोंद असलेल्या दिवशी ठिपका दिसतो. डोकेदुखीसाठी वेगळी डायरी उघडली तर त्या तक्त्यातले ठिपके मोजणे दहा सेकंदांचे काम आहे. सोळा ठिपके म्हणजे सोळा दिवस.

ॲप बदलायचे नसेल तरी बरेच काही हाती आहे. मोबाइलच्या सेटिंगमध्ये सुगम्यतेचा विभाग असतो. तिथे अक्षरे मोठी आणि ठळक करता येतात, आयफोनवर रंगांतला फरक वाढवता येतो, अँड्रॉइडच्या अनेक मोबाइलवर अक्षरांचा फरक वाढवणारी सोय असते. अक्षर मोठे केल्यावर ॲपमधला मजकूर कापला जात असेल किंवा एकमेकांवर चढत असेल तर ते ॲप बदलण्याइतके सबळ कारण समजावे. लिहिताना तारीख, वेळ आणि विषय पहिल्या ओळीत, नेहमी त्याच क्रमाने, आणि खाली एक ओळ मोकळी. एका नोंदीत एकच विषय. रात्री साडेबारा वाजता लिहिणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. तुमच्या मनात अजून कालचाच दिवस चालू असतो, ॲपच्या लेखी नवी तारीख लागलेली असते. झोपेची गोळी मंगळवारी घेतली आणि नोंद बुधवारची, असे अनेकदा होते. तारीख हाताने मागे नेता येते का, हे एकदा पाहून ठेवावे.

एक हलका मुद्दा राहिला. हार्वर्डमधील तिंग झांग आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना आपल्या नेहमीच्या, बिनमहत्त्वाच्या गोष्टी लिहून ठेवायला सांगितल्या आणि पुढे कधीतरी ते वाचताना किती मजा येईल याचा अंदाज विचारला. काही महिन्यांनी वाचताना त्यांना अंदाजापेक्षा बरीच जास्त गंमत वाटली. त्यामुळे सोसायटीची सभा आणि गॅसचा नंबर डायरीतून हद्दपार करण्याची मुळीच गरज नाही. त्यांना त्यांची चौकट द्यावी, डोकेदुखीला तिची.

डॉक्टरांकडे जाण्याआधी बहुतेक ॲपमधून नोंदी पीडीएफ करून छापून घेता येतात. महिनाभराच्या नोंदी एका कागदावर मावतात. छापण्यापूर्वी तो मजकूर घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी पाच सेकंद दाखवावा आणि किती दिवस डोके दुखले ते विचारावे.